केमिस्ट्री, कम्युनिकेशन आणि कॅड: कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात हे तीन कोर्स कसे घ्यावेत

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत दरवर्षी कुणीतरी मला गाठतंच. "एच-फोरवर आलेय, बीएस्सी आहे, घरी बसून डोकं गंजायला लागलंय. कम्युनिटी कॉलेजात काय घेऊ?" (एच-फोर म्हणजे एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा.) हल्ली त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो: "मुलगा अकरावीत आहे, त्याला कॉलेजचे कोर्स आत्ताच करता येतात म्हणे?" मोदक हातात धरून जेवढं सांगता येतं तेवढं सांगते. बाकीचं इथे लिहिते. मी स्वतः सांगलीची बीएस्सी केमिस्ट्री. दहा वर्षांच्या खंडानंतर इथे केमिस्ट्री, पब्लिक स्पीकिंग आणि कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढणं) हे तिन्ही कोर्स केले, आणि तिन्हींत पहिले काही आठवडे तोंडावर आपटले. गंमत म्हणजे एकाही ठिकाणी विषय अवघड म्हणून नाही. आपल्याकडून घेऊन आलेल्या सवयी आड आल्या.

आधी एक गैरसमज. कम्युनिटी कॉलेज म्हणजे कुठेच प्रवेश न मिळालेल्यांची जागा, असं आपल्या लोकांच्या डोक्यात असतं. कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. इथे पहिली दोन वर्षं करून पुढे यूसी किंवा सीएसयू या राज्याच्या विद्यापीठांत जाणारी मुलं भरपूर. माझ्या केमिस्ट्रीच्या बाकावर एकीकडे अठरा वर्षांचा मुलगा होता आणि दुसरीकडे नर्सिंगला जायची तयारी करणाऱ्या पन्नाशीच्या बाई. तुमचं वय काय, हे कुणी विचारत नाही.

पैसे आणि रहिवासाचा दाखला

हे आधी, कारण सगळा हिशेब इथेच बदलतो. राज्याचे रहिवासी ठरलात तर फी युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर. पाच युनिटची जनरल केमिस्ट्री २३० डॉलरमध्ये होते, वर आरोग्य आणि पार्किंगचे किरकोळ पैसे. रहिवासी ठरला नाहीत तर त्यावर नॉन-रेसिडेंट ट्यूशन बसते. तिचा दर प्रत्येक कॉलेजचा वेगळा, पण युनिटमागे तीनशे डॉलरच्या आसपास किंवा वर धरून चाला. म्हणजे तोच कोर्स दीड-दोन हजारांवर जातो.

रहिवासी ठरायला सत्र सुरू होण्याच्या आधी एक वर्षाहून जास्त काळ राज्यात वास्तव्य हवं, आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवर दिसायला हवा: राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचा करार, बँकेचं खातं. एच-फोरवर असलेल्यांना हे करता येतं, एफ-वन या विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाही. आपल्याकडच्या बायकांची अडचण अशी की भाडेकरार, वीजबिल, गाडी सगळं नवऱ्याच्या नावावर. इथे उतरल्याच्या पहिल्याच महिन्यात करारावर आपलं नाव घालून घ्या आणि संयुक्त खातं उघडा. वर्षभराने अर्ज भरताना त्या तारखाच कामाला येतात.

एच-फोरवर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र वर्क परमिट नसेल तर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, हे कोर्स निवडतानाच लक्षात असू द्या. आणि सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा बी-टू या पर्यटक व्हिसावर असतील तर त्यांना अशा कोर्सला बसवू नका, कितीही हौस असली तरी. त्या व्हिसावर शिक्षणक्रमाला नाव घालायला परवानगी नाही.

हायस्कूलच्या मुलांसाठी ड्युअल एनरोलमेंट आहे, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स. शाळेची आणि पालकांची सही लागते, आणि बहुतेक कॉलेजं या मुलांची युनिटची फी माफ करतात.

अर्ज, मार्कशीट आणि प्रीरिक्विझिट

अर्ज सीसीसीअप्लाय या एकाच संकेतस्थळावरून होतो, फुकट. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. मधलं नाव कुठे वडिलांचं, कुठे नवऱ्याचं, असा घोळ झाला की एकाच माणसाचे दोन विद्यार्थी क्रमांक तयार होतात आणि ते एकत्र करायला खेटे घालावे लागतात.

खरी अडचण प्रीरिक्विझिटची, म्हणजे कोर्सच्या आधी झालेलेच असावे लागतात अशा विषयांची. जनरल केमिस्ट्रीला बसण्याआधी बीजगणित आणि प्राथमिक रसायनशास्त्र झालेलं असावं लागतं, आणि तुमची बारावी तिथल्या संगणकाला दिसत नाही. त्यासाठी भारतातल्या विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट आणि तिचं इथल्या संस्थेकडून मूल्यांकन लागतं. डब्ल्यूईएस ही त्यांतली आपल्या लोकांना ठाऊक असलेली संस्था, पण कॉलेज कोणकोणाचं मूल्यांकन मानतं ते आधी विचारा. आणि मागवताना प्रत्येक विषयाचं स्वतंत्र मूल्यांकन असलेला अहवाल मागवा. नुसती पदवी प्रमाणित करणारा स्वस्त अहवाल इथे उपयोगाचा नाही.

ट्रान्स्क्रिप्टसाठी विद्यापीठात कुणीतरी प्रत्यक्ष जाणारं लागतंच. माझ्यासाठी भाऊ गेला. तीन चकरा झाल्या, चलन, अर्ज, मग शिक्का मारलेलं बंद पाकीट. बंद पाकीट उघडायचं नाही, हे घरच्यांना दोनदा सांगा. माझ्या बाबांनी "आत बरोबर आहे ना ते बघावं" म्हणून उघडलं होतं. चौथी चकर.

एवढा वेळ नसेल तर दुसरा रस्ता: बऱ्याच कॉलेजांत केमिस्ट्रीची प्लेसमेंट परीक्षा असते किंवा प्रीरिक्विझिटला आव्हान द्यायचा अर्ज असतो. तो नोंदणीच्या आदल्या दिवशी देऊन चालत नाही, काही आठवडे हातात ठेवा.

पुढे यूसी-सीएसयूला जायचं असेल तर असिस्ट नावाचं राज्याचं संकेतस्थळ उघडा. तुमच्या कॉलेजातला कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सच्या जागी धरला जातो, ते तिथे ओळीने दिलेलं असतं. काउन्सेलरला भेटा जरूर, पण असिस्टचं पान छापून घेऊन जा. तोंडी सल्ल्यावर दोन वर्षं घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

तिन्ही एकदम घेऊ नका

पाच आणि तीन आणि तीन, अकराच तर युनिट, असं वाटतं. पण एका युनिटमागे आठवड्याला तीन तास धरायचे, वर्गातले आणि घरचे मिळून. अकरा युनिटचे तेहतीस तास झाले. त्यात घर, मूल, शाळेची ने-आण. शिवाय केमिस्ट्रीचे वर्गातलेच आठवड्याला आठ-नऊ तास होतात, कारण लॅबच्या तीन तासांना एकच युनिट मिळतं. डे अँझासारखी काही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची आहेत. तिथे सोळा-सतरा आठवड्यांचा वेग बारा आठवड्यांत बसवलेला असतो, हे वेगळंच.

माझं स्पष्ट मत: कम्युनिकेशन आधी घ्या. आपले लोक ते शेवटी ढकलतात, "इंग्रजी तर येतंच की" म्हणून. पण तो कोर्स झाला की पुढच्या प्रत्येक वर्गात हात वर करता येतो, ऑफिस अवर्सला प्राध्यापकांकडे जायला पाय अडखळत नाहीत. त्याच सत्रात कॅड चालेल. केमिस्ट्रीला एक सत्र मोकळं द्या.

कम्युनिकेशन: "अध्यक्ष महाशय" विसरा

कोर्सची नावं वेगवेगळी असतात: पब्लिक स्पीकिंग, इंटरपर्सनल, स्मॉल ग्रुप. विद्यापीठात ट्रान्स्फर होण्यासाठी लागणाऱ्या कॅल-गेटसी या नव्या चौकटीत तोंडी संवादाचा एक कोर्स यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी सक्तीचा आहे. सगळे कम्युनिकेशन कोर्स त्यात धरले जात नाहीत. शंका असेल तर पब्लिक स्पीकिंग घ्या, ते सुरक्षित.

आपण वक्तृत्व स्पर्धांत वाढलेलो. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" इथपासून शेवटच्या "जय हिंद, जय महाराष्ट्र" पर्यंत सगळं पाठ. मी पहिलं भाषण तसंच पाठ करून गेले. विषय होता हळद. साडेतीन मिनिटांपर्यंत घड्याळासारखं चाललं, मग मागच्या बाकावरच्या मुलीचा फोन वाजला आणि माझं पुढचं वाक्य गेलं. पाठांतराचं हेच असतं, एक वाक्य निसटलं की अख्खी माळ सुटते. बाईंनी शेऱ्यात लिहिलं की मजकूर उत्तम, पण तू आमच्याशी बोललीच नाहीस.

इथे हवं असतं ते मुद्द्यांवरून बोलणं. त्याची तयारी अशी करा. आधी एका वाक्यात लिहा की ऐकणाऱ्याने शेवटी काय लक्षात ठेवायचं. मग त्याखाली दोन किंवा तीन मुद्दे, जास्त नाहीत. पोस्टकार्डाएवढ्या कार्डांवर फक्त शब्द लिहा: "पिवळा रंग – कर्क्युमिन – चुना लावला की लाल". अख्खी वाक्यं लिहिलीत तर वाचायचा मोह होतोच. मग घड्याळ लावून पाच-सहा वेळा मोठ्याने बोला, दर वेळी वाक्यं वेगळी आली तरी चालतील, उलट यायलाच हवीत. पाच ते सात मिनिटांचं भाषण म्हटलं तर सात म्हणजे सातच. वेळ ओलांडली की गुण कापतात, आणि ते आगाऊ सांगितलेलं असतं.

आपल्याकडे ज्याची अजिबात सवय नसते ती गोष्ट म्हणजे संदर्भ बोलून दाखवणं. "संशोधनाने सिद्ध झालंय" एवढं चालत नाही. कुणाचं, कुठे छापलेलं, कोणत्या वर्षीचं, ते वाक्यातच सांगायचं. आजी सांगायची, हा संदर्भ धरत नाहीत.

पटवून देणाऱ्या भाषणासाठी बहुतेक वर्गांत मन्रो यांची पाच पायऱ्यांची रचना शिकवतात: लक्ष वेधा, गरज दाखवा, उपाय मांडा, तो केला तर काय होईल ते डोळ्यांसमोर उभं करा, आणि शेवटी नेमकं काय करायचं ते सांगा. आपल्या रेल्वेच्या डब्यात कंगवे विकणारा नेमकं हेच करतो. त्याला आठवा, रचना कधी विसरणार नाही.

उच्चारांची भीती सोडा. मराठी वळणाच्या इंग्रजीचे गुण कापले जात नाहीत. वेग मात्र कमी करा, आपण सगळेच घाईने बोलतो. आणि ऑनलाइन वर्ग घेणार असाल तर आधी नियम वाचा: काही ठिकाणी भाषणाच्या चित्रफितीत समोर बसलेली ठरावीक संख्येची मोठी माणसं दिसावी लागतात. मंगळवारी दुपारी पाच माणसं जमवणं म्हणजे हळदीकुंकूच करावं लागतं.

केमिस्ट्री: मोल तेच, वही वेगळी

सिद्धांतात फार अडणार नाही. मोल, समीकरणं तोलणं, वायूंचे नियम, हे बारावीत झालेलं असतं, चार दिवसांत परत येतं. पुस्तकावर शंभर-दोनशे डॉलर घालवण्याआधी वेळापत्रकात फुकट पुस्तकाची खूण असलेला वर्ग शोधा. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाची रसायनशास्त्राची पुस्तकं पूर्ण मोफत आहेत आणि बरीच कॉलेजं तीच वापरतात.

लॅबचं मात्र सगळं नव्याने शिका. पहिल्या दिवशी गेलाच नाहीत तर नाव काढून टाकतात आणि जागा वेटलिस्टवरच्याला जाते. "लग्नासाठी भारतात आहोत, आठवड्याने येतो" हे चालत नाही. पूर्ण बंद बूट, पायघोळ पँट, रसायनांसाठीचा गॉगल. सलवार-कुर्ता चालतो, ओढणी नाही. मंगळसूत्र लांब असेल तर आत. सेफ्टीची परीक्षा झाल्याशिवाय काचेला हात लावू देत नाहीत.

आणि पिपेट, म्हणजे द्रावण मोजून उचलायची काचेची नळी! आमच्या कॉलेजात आम्ही तोंडाने ओढत होतो, सोडियम हायड्रॉक्साइडसुद्धा. पहिल्याच प्रयोगाला माझा हात सवयीने तोंडाकडे गेला आणि शिक्षक अख्खी लॅब ओलांडून धावत आले. इथे रबरी बल्ब वापरतात. तो एका हाताने दाबून सोडणं अवघड जातं, म्हणून साध्या पाण्यावर दहा वेळा सराव करून घ्या.

त्याच दिवशीची दुसरी चूक बारीक होती पण महागात पडली. टायट्रेशन होतं, म्हणजे ब्युरेट या उभ्या मोजनळीतून थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्याचं प्रमाण काढायचं. ब्युरेटवर ०.१ मिलिलिटरच्या रेघा असतात. आपण २३.५, २३.५, २३.४ असे आकडे लिहायचो, दोन जुळले की तोच सीबीआर (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग) घेतला आणि मोकळे. इथे दोन रेघांमधला भाग अंदाजाने वाचून दुसरा दशांशही लिहावा लागतो: २३.४७. मी २३.५ लिहिलं तर शेवटच्या उत्तरातले सार्थ अंक कमी झाले आणि त्यावरून पुढची सगळी गणितं कापली गेली. उत्तर बरोबर, गुण निम्मे. ब्युरेटच्या मागे काळी पट्टी काढलेला पांढरा पुठ्ठा धरला की द्रावणाच्या वाटीसारख्या वळलेल्या पातळीचा तळ स्वच्छ दिसतो. फेनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचा रंग जेमतेम गुलाबी, पांढऱ्या कागदावर धरूनच कळेल इतका फिकट हवा. गडद गुलाबी झालं म्हणजे एखाद-दुसरा थेंब जास्त गेला.

वहीचं तर पूर्ण उलटं आहे. आपल्याकडे आकडे रफ कागदावर आणि घरी सुवाच्य अक्षरात फेअर जर्नल. इथे आकडा दिसला की थेट लॅब नोटबुकात, शाईच्या पेनाने, तिथल्या तिथे. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. व्हाइटनर नाही, पान फाडणं नाही. बऱ्याच वह्यांत खाली कार्बन प्रत निघते आणि ती लॅबमधून निघतानाच द्यावी लागते, त्यामुळे घरी जाऊन "सुधारणं" जमतच नाही. माझी वही शेवटपर्यंत गचाळ दिसली आणि गुण मात्र चांगले पडले. आपल्या बाईंनी ती वही बघितली असती तर खिडकीतून फेकली असती.

कॅड: आधी ड्रॉइंग, मग सॉफ्टवेअर

वर्ग निवडताना कोणतं सॉफ्टवेअर ते बघा. ऑटोकॅड हे मुख्यतः द्विमितीय आराखड्यांसाठी, बांधकाम आणि मांडणीवाल्यांना लागतं. सॉलिडवर्क्स यंत्रांचे भाग आणि त्यांची जुळणी करणाऱ्यांना. बे एरियात यंत्रभागांच्या नोकऱ्यांचा विचार असेल तर दुसरं घ्या. पण सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. घरात फक्त मॅक असेल तर कॉलेजच्या संगणक कक्षाची वेळ बघूनच नाव घाला. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, आणि ब्राउझरमध्ये चालणारं ऑनशेप कुठल्याही संगणकावर चालतं, घरच्या सरावाला तेही पुरेसं आहे.

आता आमच्या घरात झालेलं भांडण. गृहपाठ होता एल आकाराच्या ब्रॅकेटचा. मी समोरचं दृश्य काढलं, त्याच्या वर वरचं दृश्य, उजवीकडे उजव्या बाजूचं. नवरा मेकॅनिकलचा, पुण्यात रात्र-रात्र ड्रॉइंगच्या शीट मारलेला. मागून येऊन म्हणाला, "उलटं काढलंयस. टॉप व्ह्यू खाली येतो." मी बिचारीने सगळं हलवून खाली नेलं आणि शून्य घेऊन आले. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. भारतात फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात वरचं दृश्य खाली जातं. अमेरिकेत थर्ड अँगल, वरचं दृश्य वरच. ड्रॉइंग हातात आलं की आधी कोपऱ्यातल्या चौकटीत कापलेल्या शंकूचं चिन्ह बघा, कोणती पद्धत ते त्यावरून कळतं. न बघता भाग बनवला तर भोक भलत्याच बाजूला पडतं.

मापं इंचात, तीही दशांशात: ०.३७५. आट्यांचं १/४-२० म्हणजे पाव इंच व्यासाचा स्क्रू, इंचामागे वीस आटे. हे डोक्यात बसायला महिना जातो. हार्डवेअरच्या दुकानातून दोन-चार स्क्रू आणून टेबलावर ठेवा, लवकर बसतं.

सॉलिडवर्क्समध्ये पहिल्या आठवड्यापासून एकच शिस्त लावून घ्या: स्केच काळं झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. निळी रेघ म्हणजे अजून मोकळी, माऊसने कोपरा ओढला की आकार हलतो. मापं आणि संबंध देत गेलात की रेघा एकेक करून काळ्या होतात, मग ओढूनही हलत नाहीत. निळ्या स्केचवर भाग उभा केला तर तो दिसतो छान, पण नंतर एक माप बदललं की सगळा वाकडा होतो. सुरुवात नेहमी ओरिजिनवरून, म्हणजे अक्ष मिळतात त्या शून्य बिंदूवरून करा, कुठेतरी कोपऱ्यात नाही.

फायलींचं एक. सुटे भाग वेगळ्या फायलींत असतात आणि जुळणीची फाइल त्यांच्याकडे फक्त बोट दाखवते. मी पहिली जुळणी पाठवली ती एकटीच. मास्तरांनी उघडली तर आत काहीच नाही. पॅक अँड गो नावाची आज्ञा सगळं एका पाकिटात बांधते, ती वापरा. घरचं आणि कॉलेजचं सॉफ्टवेअर एकाच वर्षाचं ठेवा, नव्यात जतन केलेली फाइल जुन्यात सहजासहजी उघडत नाही. आणि इंजिनिअरिंगला जीटी मारून (काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवून) शीट उतरवलेल्यांनी सावध राहावं. फाइलच्या आत कोणती क्रिया कोणत्या क्रमाने केली त्याचं झाडच असतं, दुसऱ्याची फाइल उघडून नाव बदललं तर मास्तरांना दोन मिनिटांत कळतं.

मध्येच सोडायची वेळ आली तर

मूल आजारी पडतं, भारतात जावं लागतं. तारखा आधीच भिंतीवर लावा: पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख पहिल्या एक-दोन आठवड्यांतच संपते, त्यानंतरची तारीख गुणपत्रिकेवर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण) न येता सोडण्याची, आणि शेवटची डब्ल्यू घेऊन सोडण्याची. नुसतं जाणं बंद केलं तर एफ, म्हणजे नापास, पडू शकतो. डब्ल्यूने सरासरी बिघडत नाही, पण एकच कोर्स साधारण तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यूसुद्धा त्यात मोजला जातो.

लॅबचा लॉकर सत्राच्या शेवटी रीतसर परत करा, नाहीतर दंड होतो आणि पुढची नोंदणी अडते. आणि प्रत्येक कोर्सचा सिलॅबस ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी उतरवून स्वतःकडे ठेवा, सत्र संपल्यावर तो वर्ग स्क्रीनवरून नाहीसा होऊ शकतो. माझ्या बीएस्सीचा सिलॅबस मागितला तेव्हा भावाला पाचवी चकर मारावी लागली होती.